१२ देश आणि १०९ मुलं



श्रुतलेखनात एखादं मूल 'साप'च्या जागी 'ताप' लिहितं, 'शाळा'चं 'टाळा' करतं. आपण पटकन म्हणतो, लक्ष नाही. पण ते मूल कर्करोगाचे उपचार घेऊन वर्गात परतलेलं असेल, तर आधी त्याच्या कानांची चौकशी करा. सिस्प्लॅटिन नावाचं एक औषध आहे. लहान मुलांच्या यकृताच्या गाठीवर ते फार चांगलं लागू पडतं, पण त्यानं कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही. आधी जातात ते वरच्या पट्टीचे आवाज, स आणि श सारखे. बाईंचा आवाज येतो, शब्द लागत नाही. नुकतं बोलायला शिकणारं दोन वर्षांचं बाळ असेल, तर विचारच करा.

यावर एक औषध सुचलेलं होतं, सोडियम थायोसल्फेट. जुने फोटोग्राफर ज्याला 'हायपो' म्हणायचे, तेच! सिस्प्लॅटिन दिल्यावर सहा तासांनी ते शिरेतून द्यायचं. शंका एवढीच, की कान वाचवता वाचवता ते गाठीलाही वाचवत नाही ना? हे अंदाजानं कळत नाही. काही मुलांना ते द्यायचं, काहींना नाही, कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवायचं आणि मग काही वर्षं बघत राहायचं, हाच मार्ग.

अडचण अशी, की ही गाठ दहा लाख मुलांमागे वर्षाला जेमतेम एक-दोघांना होते. कितीही मोठं रुग्णालय असो, एकट्यानं हा अभ्यास करायला पिढी जाईल. म्हणून लंडनच्या डॉ. पेनेलोपी ब्रॉक यांच्या नेतृत्वाखाली १२ देशांतली ५२ रुग्णालयं एकत्र आली. २००७ ते २०१४ अशी सात वर्षं गेली आणि अभ्यासात मुलं किती? १०९. आपल्याकडच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेचा पट! २०१८ साली निकाल छापून आला. फक्त सिस्प्लॅटिन मिळालेल्या मुलांपैकी ६३ टक्के मुलांचं ऐकणं कमी झालं होतं, सोबत हायपो मिळालेल्यांत ३३ टक्के. आणि गाठीवरचा उपचार कमजोर पडला नव्हता. त्या १०९ घरांतल्या आईवडिलांनी सही केली, म्हणून हे आज आपल्याला माहीत आहे.

हे सगळं परदेशातलं, असं वाटेल. पण १९८०च्या दशकात मुंबईचं टाटा मेमोरियल, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले डॉ. इयान मॅग्रथ यांच्याबरोबर रक्ताच्या कर्करोगासाठी एकच उपचारपद्धती आखली. एमसीपी ८४१ हे तिचं नाव. तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलली नाही, आपल्या रुग्णालयांना झेपेल अशी बेतली. १४ वर्षांत हजारावर रुग्णांवर ती वापरली गेली, आणि बरं होणाऱ्यांचं प्रमाण पूर्वीपेक्षा खूप वाढलं. आपली मुलं उशिरा पोहोचतात, उपचार चालू असताना जंतुसंसर्गानं दगावतात, काही घरं पैशापायी मध्येच उपचार सोडतात. याची उत्तरं लंडनमध्ये बसून सापडणार नाहीत. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या १०० मुलांपैकी ८० हून अधिक बरी होतात, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० सुद्धा नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०३० पर्यंत जगभरात निदान ६० टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं आहे. आपल्या मुलांच्या नोंदी अभ्यासात नसतील, तर ते गाठायचं कसं?

आता आपल्या कामाचं. खेड्यात संमतीपत्राचा कागद घेऊन पालक येतात ते बहुधा गुरुजींकडे किंवा बाईंकडे. "आमच्या पोरावर प्रयोग करणार म्हणतात" हे वाक्य ठरलेलं. माझं स्पष्ट मत आहे, की अशा वेळी "सही करू नका" म्हणणं हा शहाणपणा नाही, आणि "डॉक्टर म्हणतात ना, करून टाका" हाही नाही. त्यांच्याबरोबर बसून कागद वाचा. नेहमीचा उपचार कोणता आणि नवीन काय? त्रास झाला तर खर्च कोणाचा? मध्येच बाहेर पडलो तर नेहमीचे उपचार चालू राहतील का? (राहायलाच हवेत.) एथिक्स कमिटीचा फोन नंबर आहे का? २००९ पासून भारतात अशा चाचण्यांची सरकारी नोंदणी सक्तीची आहे, तो क्रमांक विचारा. मूल ७ वर्षांच्या पुढचं असेल तर त्यालाही समजेल अशा भाषेत सांगून त्याचा होकार घ्यावा लागतो. आपल्याकडे घरात मुलाला कुणी विचारत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो. आणि अभ्यास संपल्यावर ते औषध आपल्याकडे मिळणार का, हाही प्रश्न विचारायला बिचकू नका. मुलं आमची आणि फायदा दुसऱ्यांचा, याला सहकार्य म्हणत नाहीत.

रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. तेवढ्या काळात मुलाचं नाव पटावरून कमी करू नका. पालक भेटले की दवाखान्याची पुढची तारीख विचारा, आणि रुग्णाला व सोबत जाणाऱ्याला रेल्वे तिकिटात सवलत असते, हे त्यांना माहीत आहे का, तेही बघा.