धाकाच्या पलीकडचा वर्ग

‘मुले ऐकत नाहीत’ ही नव्या शिक्षकाची पहिली तक्रार आणि ‘जरा धाक दाखवा’ हा जुन्या सहकाऱ्यांचा ठरलेला सल्ला. पदविका हाती असली तरी भरलेल्या वर्गासमोर प्रथमच उभ्या राहणाऱ्या तरुणाला तो पटतो. घात होतो तो तेथेच.

भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका मूळचे वकील. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक चौथीच्या वर्गावर मोठ्या तयारीने जातो आणि पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ गोंधळात बुडतो. तो छडी उचलत नाही. दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगावयास बसतो. गोष्ट रंगते, तसा वर्ग स्थिर होतो. मन गुंतले की शिस्त आपोआप येते, हे ज्या शिक्षकाला पहिल्या महिन्यात उमगते, तो पुढील तीस वर्षे सुखाने शिकवतो.

कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी याहून अवघड वाट चोखाळली. गुरे राखणारी वनवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. आज पालघर, नंदुरबार वा गडचिरोलीच्या पाड्यावर रुजू होणाऱ्या शिक्षकाने हे ध्यानी ठेवावे. तेथील गप्प मूल मंद नसते. पुस्तकाची भाषा त्याच्या घरची नसते, इतकेच. भूक, पाणी, आजी, शेळी यांसाठी त्याच्या बोलीत कोणते शब्द आहेत, ते त्यालाच विचारावे. गुरुजींना शिकवण्याचा मान मिळालेले मूल सहसा शाळा चुकवत नाही! प्रश्न विचारल्यावर क्षणभर थांबावे. पहिल्या वर आलेल्या हाताकडे लगेच वळू नये. वहीत लाल शाईने चुका दाखवाव्यात, पण नीट जमलेल्या ओळीखालीही एक रेघ ओढावी.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे. हातातली छडी गेली. जिभेवरची मात्र अनेक शाळांत अद्याप शाबूत आहे.

दोष एकट्या नवख्याचा नाही. शिक्षणसेवकाची ३ वर्षे तुटपुंज्या मानधनावर आणि वरिष्ठांच्या नजरेखाली जातात. ती नजर बहुधा वर्गातील शांतताच मोजते. मुख्याध्यापकांनी त्याला एवढेच विचारावे : शेवटच्या बाकावरचा मुलगा या आठवड्यात काय बोलला?