कामाच्या गोष्टी : कुठल्या दुकानातला पाव?



मी पोटापाण्यासाठी नक्की काय करतो हे सांगायची वेळ आली की माझी पंचाईत होते. "ग्रोसरीच्या साइटवर वस्तूंच्या याद्या लावतो" म्हटलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे वाण्याकडे कामाला?" एका अर्थी खरंच आहे ते. न्यू जर्सी, पेनसिल्वेनिया, न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट मिळून साठेक दुकानं असलेल्या एका साखळीचा ऑनलाइन कॅटलॉग आमच्या टीमकडे आहे. यावर लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला. साधा कांद्याचा भाव सांगायला तुमची साइट आधी झिपकोड कशाला मागते?

कारण साखळीची अशी एकच यादी मुळात नसतेच. एकावर एक चढवलेले थर असतात. सगळ्यात खाली वस्तू स्वतः : नाव, फोटो, वजन, घटक, बारकोड. हे सगळीकडे सारखं. त्यावर प्रदेशाचा थर, आणि तिथून गंमत सुरू होते. कोकचा तोच डबा न्यूयॉर्कमध्ये घेतला तर बिलात 5 सेंट डिपॉझिट वेगळं दाखवावं लागतं. कनेक्टिकटमध्ये 10 सेंट (जानेवारी 2024 पासून, त्याआधी तिथेही 5 च होते). न्यू जर्सी आणि पेनसिल्वेनियात काहीच नाही. दारूचं तर विचारूच नका. न्यूयॉर्कच्या ग्रोसरी दुकानात बिअर चालते, वाइन चालत नाही. पेनसिल्वेनियात 2016 च्या कायद्यापासून वाइन चालते, पण ज्या दुकानाकडे परवाना आहे तिथेच. न्यू जर्सीत तर एका मालकाला सर्वसाधारणपणे दोनच किरकोळ परवाने ठेवता येतात, म्हणजे साखळीची वीस दुकानं असली तरी दारू दोनच ठिकाणी. "वाइन दाखवायची का?" या एका प्रश्नाला मग राज्याच्या पातळीवर उत्तरच देता येत नाही, थेट दुकानापर्यंत जावं लागतं.

तिसरा थर दुकानाचा. रस्त्यापलीकडे कोण स्पर्धक आहे त्यावर दुधाचा भाव ठरतो. कुठे डेली काउंटर आहे, कुठे नाही. डेलीतलं चीज कापून, वजन करून त्यावर जो बारकोड चिकटवतात तो 2 या आकड्याने सुरू होतो. त्यात किंमत आतच छापलेली असते आणि वस्तूचा नंबर त्या दुकानाने किंवा त्या साखळीने आपल्यापुरता ठरवलेला. दुसऱ्याच्या मशीनवर तोच नंबर म्हणजे भलतंच काहीतरी. आपला वाणी पुडीवर पेन्सिलीने खुणा करायचा आणि त्या त्यालाच कळायच्या, तसं.

या सगळ्यातून ग्राहकाला एकच पान दाखवायचं. नियम सोपा आहे : दुकानाने स्वतःचं काही सांगितलं असेल तर ते घ्या, नसेल तर प्रदेशाचं, तेही नसेल तर मूळ वस्तूचं. कागदावर सोपा! प्रत्यक्षात पहिली ठेच "रिकामं" आणि "शून्य" यांत लागते. दुकानाच्या फाइलीत किंमतीचा रकाना रिकामा असेल तर त्याचा अर्थ "वरचीच किंमत चालू दे". पण आमच्या एका पठ्ठ्याने लिहिलेल्या प्रोग्रामने रिकाम्याचं शून्य केलं आणि एका शुक्रवारी संध्याकाळी एका दुकानात टॉयलेट पेपर फुकट झाला. दुसरी ठेच एक्सेलची. न्यू जर्सी आणि कनेक्टिकटचे झिपकोड शून्याने सुरू होतात, कित्येक बारकोडही. एक्सेल त्याला आकडा समजून पुढचं शून्य गिळून टाकतं, आणि एडिसनचा 08820 होतो 8820. मग "या झिपकोडला दुकान नाही" म्हणून ग्राहक परत. मी आता कुणाचीही फाइल उघडली की आधी शून्यं मोजतो. (बायको म्हणते पगारातली मोज. ह. घ्या.)

असो. मूळ गोष्ट वेगळीच सांगायची आहे.

मार्च 2020 मध्ये कोविड आला आणि आमच्या साखळीला सगळ्या दुकानांत ऑनलाइन ऑर्डर आणि पिकअप ताबडतोब हवं झालं. तोवर ते चारपाच ठिकाणीच होतं. थरांचं नीट काम करायला तीन महिने लागले असते, हातात तीन आठवडे. शिवाय तयार सॉफ्टवेअर अशा कामाला अपुरं पडतं. उदाहरणार्थ मॅजेंटोत किंमत एक तर सगळीकडे सारखी ठेवता येते किंवा वेबसाइटनिहाय. दुकानागणिक वेगळी हवी तर प्रत्येक दुकानाला एकेक "वेबसाइट" करावी लागते. मग 30,000 वस्तू, 60 दुकानं आणि मुळातले चार ग्राहक-गट असा गुणाकार केला की किंमतींच्या एका तक्त्यात 72 लाख ओळी. आमचं सॉफ्टवेअर वेगळं होतं, पण अडचण तीच. तेव्हा मी शॉर्टकट सुचवला : मूळ कॅटलॉगची प्रत्येक दुकानाला एक पूर्ण नक्कल द्यायची. दुकानवाले आपली नक्कल हवी तशी बदलतील. रोज रात्री मूळ कॅटलॉगमधले बदल नकलांमध्ये उतरतील, मात्र दुकानाने ज्या पानाला हात लावला असेल त्याला धक्का लावायचा नाही. दुकानाची मेहनत पुसली जाऊ नये, हा त्यामागचा सद्हेतू. साहेब खूश, दुकानवाले खूश, वर्षअखेरीस बोनस.

आता तिळाकडे येऊ. अमेरिकेत 2021 मध्ये एक कायदा झाला आणि 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा नववा मुख्य अ‍ॅलर्जीकारक पदार्थ ठरला. म्हणजे पाकिटावर "तीळ आहे" असं स्पष्ट लिहिणं सक्तीचं. पण झालं उलटंच. पाव बनवणाऱ्या काही कारखान्यांना यंत्रांवरून तिळाचा प्रत्येक कण साफ करणं महाग वाटलं, म्हणून त्यांनी मुद्दाम पावात थोडं तिळाचं पीठ घातलं आणि पाकिटावर तसं छापलं. कालपर्यंत बिनतिळाचा असलेला बन आज तिळाचा, आणि बारकोड तोच. भरीस भर म्हणजे त्या तारखेआधी बाजारात आलेला माल परत घ्यायची सक्ती नव्हती, त्यामुळे जुनी आणि नवी पाकिटं फळीवर शेजारी शेजारी.

आम्ही डिसेंबरातच मूळ कॅटलॉगमध्ये घटक बदलले आणि सुटीवर गेलो.

संक्रांतीच्या आसपास मंडळाच्या कार्यक्रमात माझ्या मित्राची बायको भेटली. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला तिळाची जबर अ‍ॅलर्जी आहे. तिळगुळाचं ताट फिरायला लागलं की वहिनी त्याला घेऊन बाहेर जाऊन बसतात. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या साइटवर नक्की कुणी बघतं का? वडापावला म्हणून ते बन मागवले. साइटवर तिळाचा उल्लेख नाही, पाकिटावर आहे." मी म्हटलं, शक्यच नाही, आम्ही बदललंय. फोन काढून दाखवलं. एडिसनच्या दुकानाचं पान, तीळ व्यवस्थित लिहिलेले. त्यांनी त्यांचा फोन दाखवला. तोच बन, तोच फोटो, तीळ नाहीत. त्यांनी दुकान वेगळं निवडलं होतं, नदीपलीकडचं पेनसिल्वेनियातलं, कारण मित्राचं ऑफिस तिकडे आणि येताना तो पिकअप करतो.

त्या दुकानाच्या मॅनेजरने वर्षभरापूर्वी बनच्या वर्णनात "शुक्रवारी ताजा माल" एवढी एक ओळ घातली होती. पानाला हात लागला. त्या क्षणापासून ते पान मूळ कॅटलॉगपासून कायमचं तुटलं. त्या रात्री मी घरी बसून शोधलं : अशी तुटलेली पावाची पानं सतरा दुकानांत होती. चूक मॅनेजरची नव्हती. त्याने आपल्या गिऱ्हाइकाला माहितीच दिली होती. नक्कल वाटायची कल्पना माझी. वहिनींनी पाकीट वाचलं म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी पहिलं काम केलं ते सतराही पानं हाताने दुरुस्त करण्याचं. मग चार महिने घालवून नकला मोडल्या आणि थर बांधले. आता दुकान अख्खं पान घेत नाही, एकेक रकाना घेतं. भाव, साठा, "शुक्रवारी ताजा माल", हे त्यांचं. घटक, अ‍ॅलर्जी, वजन, बारकोड यांना कुलूप. जुनी-नवी पाकिटं एकत्र असतील तोवर पानावर जास्त कडक इशारा दाखवायचा, असंही ठरलं. त्यामुळे बिनतिळाचं जुनं पाकीटही कुणीतरी घेणार नाही, हा तोटा विक्रीवाल्यांना पटवायला मला दोन मीटिंगा लागल्या.

कुलपालाही अपवाद निघालाच. काही दुकानं पाव स्वतः भाजतात. तिथले घटक खरोखरच त्या दुकानाचे. पीठ वेगळ्या पुरवठादाराचं, शेजारच्या ट्रेवर तिळाचे बेगल. एक मॅनेजर फोनवर चिडून म्हणाला, माझ्या पावात काय आहे हे तुम्हाला न्यू जर्सीत बसून जास्त कळतं का? त्याचं बरोबर होतं. शेवटी आम्ही ठरवलं की घटक वेगळे असतील तर ती वस्तूच वेगळी. नाव तेच राहिलं तरी आतला नंबर नवा. यादी त्यामुळे जवळजवळ दोन हजारांनी फुगली आणि डेटाबेसवाले माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हते.

तुमच्या घरी कुणाला अ‍ॅलर्जी असेल तर एवढं करून बघा : पिकअपचं दुकान बदललंत की नेहमीच्या वस्तूचं पान पुन्हा उघडा, जुन्या ऑर्डरवरून "परत मागवा" दाबू नका. आणि पाकीट वाचाच. वहिनी अजून वाचतात, मीही आता वाचतो.

पुढच्या खेपेस पर्यायी मालाबद्दल लिहीन. तूरडाळ मागवली आणि पिशवीत मसूर आली, असं तुमच्याकडेही झालं असेल तर जरूर कळवा, मला उदाहरणं हवीच आहेत.