एका थेंबाची ताकद



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मधली सुट्टी संपली आणि चौथीतला एक मुलगा रडवेला होऊन माझ्यापुढे उभा राहिला. "बाई, खूप आग होतेय!" दंडावर रुपयाएवढा लालभडक चट्टा. चौकशी केल्यावर कळलं, डास चावला म्हणून स्वारीनं घरच्या बाटलीतलं दालचिनीचं तेल तिथं चोळलं होतं. वर म्हणतो कसा, "झाडाचंच तेल ना बाई, मग त्यानं काय होतंय?"

साबण लावून भरपूर पाण्यानं हात धुतला. हळूहळू आग कमी झाली, चट्टा मात्र दोन दिवस राहिला. त्याचा प्रश्न तुमच्याही मनात येईल, म्हणून आज उत्तर देते.

दालचिनी म्हणजे झाडाची आतली साल. झाड मूळचं श्रीलंकेकडचं, पण आपल्या कोकणातही ते छान वाढतं. साल सोलून वाळवली की तिची आपोआप सुरळी होते. या सालीतून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल बाहेर येतं, गार झाल्यावर ते पाण्यापासून वेगळं करतात. 100 किलो सालीतून साधारण किलोभर तेल मिळतं. आता करा हिशोब! एक थेंब म्हणजे जवळजवळ 5 ग्रॅम सालीतलं तेल. आई मसालेभातात घालते तो तुकडा असतो एक-दोन ग्रॅमचा, आणि तो भात खातं सगळं घर!

या तेलाचा वास आणि तिखटपणा येतो तो मुख्यतः सिनॅमाल्डिहाइड या पदार्थामुळे. ड्युमा आणि पेलिगो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1834 साली तो वेगळा काढला. गंमत म्हणजे याच झाडाच्या पानांचं तेल निराळं. त्यात युजेनॉल जास्त असतं, म्हणून त्याला लवंगेसारखा वास येतो.

सालीच्या तेलाची आणखी एक खोड आहे. खोबरेल पाण्यावर तरंगतं, हे तेल मात्र पाण्यापेक्षा जड, म्हणून तळाशी जातं. पाण्यात ते नीट विरघळतही नाही. तेव्हा अंघोळीच्या बादलीत दोन थेंब टाकले, की ते 'पातळ झालं' असं समजू नका. ते थेंब जसेच्या तसे अंगाला लागतात.

मग हे तेल वाईट का? मुळीच नाही. बिस्किटं, च्युइंगगम, टूथपेस्ट, साबण, अगरबत्ती यांत त्याचा उपयोग होतो. बुरशी आणि जंतूंची वाढही ते रोखतं. पण कारखान्यात ते अगदी मोजून, किंचितसं घालतात. सगळी मेख त्या मोजण्यात आहे. झाडापासून मिळालं म्हणून निर्धोक, असं नसतं. मिरचीही झाडालाच लागते की!

म्हणून ही बाटली लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. नुसतं तेल अंगाला, दाताला लावू नका. डोळ्यांत गेलं तर लगेच पाण्यानं धूत राहा आणि डॉक्टरांकडे जा. पोटात गेलं तर उलटी काढायचा खटाटोप न करता थेट डॉक्टर गाठा.

आता एक प्रयोग, पण आईबाबांना सोबत घेऊनच. पातेलीत पाणी आणि दालचिनीचे दोन तुकडे घालून झाकण ठेवा. पाच मिनिटं उकळा. झाकण मोठ्यांनी उचलायचं! ते गार झालं की आतल्या थेंबांचा वास घ्या. पातेलीतलं पाणी तांबूस, पण झाकणावरचे थेंब स्वच्छ आणि तरी सुवासिक! रंग खाली राहिला आणि वास वर कसा गेला? विचार करा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा.

तो मुलगा आता काय करतो ठाऊक आहे? कुठलीही बाटली दिसली, की आधी विचारतो, "बाई, हे किती घ्यायचं असतं?"

तुमच्या बाई