मॉर्स येतो का?

विश्रांतवाडीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्यावरच्या खोलीपर्यंत मी वीस मीटर तार ताणली आहे. ही माझी अँटेना. वरून लोहगावची विमानं जातात, खाली आळंदी रोड वाजत असतो. आणि या तारेवर नवा माणूस भेटला की दोन मिनिटांत प्रश्न येतोच: ‘मॉर्स येतो का?’

माझं हॅम लायसन्स ‘रिस्ट्रिक्टेड’, म्हणजे पहिल्या पायरीचं. बाराव्या वर्षापासून मिळतं. रेडिओचं तंत्र आणि नियम यांवर लेखी परीक्षा असते, मॉर्सची नसते. माझी कॉलसाइन ‘व्हीयू३’ने सुरू होते, वरच्या ‘जनरल’वाल्यांची ‘व्हीयू२’ने. म्हणजे तोंड उघडताच पायरी कळते.

ज्या काकांनी मला सोल्डरिंग शिकवलं, तेच म्हणतात, “दार सोपं केलं, आता कुणीही येतं. पहिल्या परीक्षेतही मॉर्स हवा.”

काका, कुणीही यावं म्हणूनच तर पहिली पायरी असते!

उलट मी म्हणते, जनरलसाठीची मिनिटाला आठ शब्दांची मॉर्सची अटही काढा. शॉर्टवेव्हवर बोलायला मॉर्स यायलाच हवा, ही जागतिक सक्ती २००३मध्ये जिनिव्हाच्या रेडिओ परिषदेत संपली. ठरवायचं ते ज्या-त्या देशावर सोडलं. अमेरिकेने २००७मध्ये ती सगळ्याच लायसन्सवरून काढून टाकली.

आता अट काय राखते ते पाहा. रिस्ट्रिक्टेडला ५० वॅट, जनरलला ४००. चारशे वॅट हाताळणाऱ्याला अर्थिंग कळायला हवं, शेजाऱ्याच्या टीव्हीत खरखर का येते ते कळायला हवं, अँटेनाजवळ कुणी उभं राहू नये हे कळायला हवं. यातलं काय डिट-डा ऐकून कळतं? परीक्षा अवघड करायची तर खुशाल करा, पण ज्याने दुसऱ्याला इजा होईल त्याची घ्या.

“आवाज पोचत नाही तिथे मॉर्स पोचतो,” काका म्हणतात. शंभर टक्के खरं. पण २००४च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी रेडिओवरून लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळवली, कारण त्या तिथे होत्या आणि त्यांचा सेट चालू होता. संकटात आधी हे दोन लागतात: चालू सेट आणि समोर बसलेलं माणूस. गल्लोगल्ली अशी माणसं हवीत, तर दारात उभं राहून त्यांना परत पाठवू नका.

आणि हो, मी मॉर्स शिकतेय. पीएमटीत इअरफोन लावून. अजून ‘एफ’ आणि ‘एल’मध्ये गोंधळते, तरी मजा येते. गाणं शिकावं तसं शिकतेय, टोल भरावा तसं नाही.

माझी मावसबहीण यंदा बारा वर्षांची झाली. परवा गच्चीवर येऊन तिने तारेला हात लावायच्या आधी विचारलं, “ताई, सेट बंद आहे ना?”

काका, ती पास आहे.