घरचा डॉक्टर : वर गेलेला हात वळेना!

आजींना वेणी घालता येत नाही. हात वर जात नाही; उचलून दिला, तर पोटाकडे घसरतो. खांद्याचे कंडरे शिवण्यापलीकडे तुटले, की असे होते.

१९८५ साली फ्रान्सच्या डॉ. पॉल ग्रामाँ यांनी उलटा कृत्रिम सांधा रचला : गोळा फऱ्यावर, वाटी दंडाच्या हाडावर. आता खांद्यावरचा त्रिकोणी स्नायूच हात उचलतो. पण हात बाहेर कोण वळवणार? म्हणून काही रोग्यांत त्याच वेळी पाठीच्या रुंद स्नायूचा कंडरा सोडवून दंडाच्या बाहेरच्या बाजूस जोडतात. आत ओढणारा स्नायू बाहेर ओढू लागतो!

मात्र पुढे महिनोन्महिने व्यायाम हवा, आणि हात पाठीमागे नेणे अवघड होऊ शकते. तरीही वाचकहो, आपली वेणी आपण घालण्याचे मोल आजींनाच विचारा!