पांढरी शाई आणि रंगवलेले पान

आमच्या पुतणीने आपल्या चित्रवहीचे एक पान गडद निळ्या अ‍ॅक्रिलिक रंगाने रंगवले होते. आजीला जाऊन वर्ष झाले. आजीच्या नेहमीच्या बोलण्यातल्या दोन ओळी तिला त्या निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहायच्या होत्या. पहिली ओळ छान उतरली. दुसरीच्या मध्यावर पेन कोरडे पडले. पोरीने जोर दिला, तशी रंगाची साल निघाली आणि खालचा कागद दिसू लागला. दुकानदाराने “कशावरही चालते” म्हणून पेन दिले होते. तिचे रडणे पाहून आम्ही या प्रकरणात लक्ष घातले.

पांढऱ्या शाईचे काम अवघड असते. निळ्या-काळ्या शाईला कागद रंगवायचा असतो. पांढरीला खालचा रंग झाकायचा असतो. त्यासाठी तिच्यात टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी असते. ती जड असल्याने तळाशी बसते आणि अगदी बारीक टोकातून अडखळत येते. म्हणून नाजूक अक्षराच्या हौसेने सर्वांत बारीक टोकाचे पेन घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जपानच्या साकुरा कंपनीचे जेली रोल १९८४ पासून आहे. पांढऱ्यात ०५, ०८ आणि १० अशी टोके मिळतात. त्यातले १० घ्यावे. युनिबॉल सिग्नोच्या यूएम-१५३ ची गोळीही १ मि.मी.ची आहे.

ही दोन्ही जेल पेने. वाळलेल्या जलरंगावर, गुळगुळीत कागदावर ती उत्तम चालतात. अ‍ॅक्रिलिकचा थर मात्र वाळल्यावर प्लॅस्टिकसारखा होतो. वरून कोरडा, आतून ओला असेल तर रंग गोळीला चिकटतो आणि शाई अडते. पुतणीचे पान दोन तासांतच लिहायला घेतले होते, तेही पावसाळ्यात! रात्रभर तरी थांबायला हवे होते.

अ‍ॅक्रिलिकवर आम्हाला पोस्कासारखे रंगाचे मार्कर अधिक भरवशाचे वाटते. त्याला गोळी नसते, म्हणून ती अडकण्याचा प्रश्नच नाही. बारीक अक्षरासाठी त्याचे ०.७ मि.मी. टोकाचे पीसी-१एमआर पुरते. आधी हलवून, रद्दी कागदावर टोक दाबून शाई उतरू द्यावी. पण हेच मार्कर पोस्टर कलरवर चालवले तर घात होतो. पोस्टर कलर वाळला तरी पाण्याने पुन्हा सुटतो, आणि लाल पानावरची पांढरी अक्षरे गुलाबी दिसू लागतात. तिथे जेल पेनच बरे, हलक्या हाताने, एकदाच रेघ ओढून. मेणाच्या खडूवर मात्र कोणतेच पेन धड चालत नाही; खडूचे काम शेवटी करावे.

खाडाखोडीच्या पांढऱ्या पेनाने काम भागवणारेही आहेत. वास उग्र, रेघ जाड. मुलांच्या हाती आम्ही तरी देणार नाही.

भगिनींनो, दुकानात जाताना आपणच रंगवलेला कागदाचा तुकडा पर्समध्ये ठेवा आणि पेन त्यावर चालवून पाहा. पेन अडलेच तर जोर न देता टोक ओल्या फडक्याने पुसून साध्या कागदावर गिरवावे. पेने आडवी ठेवावीत.

पुतणीच्या पानावरच्या दुसऱ्या ओळीवर आम्ही निळ्या रंगाचा पातळ हात फिरवला आहे. पहिली ओळ तशीच ठेवली. पान कपाटावर वाळत आहे, आणि ती दर तासाने बोट लावून पाहते आहे.