ऑक्सिजन आला, सिस्टर कुठे आहेत?

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रभर रुग्णांचे नातेवाईक ऑक्सिजन सिलिंडरसाठी वणवण करत होते, तेव्हा नंदुरबार जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी कोविडच्या दुसऱ्या लाटेआधीच तिथे ऑक्सिजन प्रकल्प उभारायला घेतले होते. त्या कौतुकात एक गोष्ट मात्र झाकोळली गेली. नंदुरबारने ‘ऑक्सिजन नर्स’ही नेमल्या होत्या. खाटेखाटेला जाऊन कुणाला किती ऑक्सिजन लागतोय हे तपासायचं, गरज उतरली की प्रवाह कमी करायचा आणि नासाडी थांबवायची, एवढंच त्यांचं काम.

कोविड ओसरला, पण या कामाची गरज ओसरलेली नाही. प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात ते कायमस्वरूपी पद असायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ऑक्सिजन आहे, आणि औषध म्हटलं की मात्रा आली. बहुतेक प्रौढ रुग्णांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी, ९४ ते ९८ टक्के ठेवायचं असतं. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या अनेक रुग्णांसाठी मात्र ८८ ते ९२ पुरेसं ठरतं. विडी ओढून किंवा वर्षानुवर्षं चुलीचा धूर गिळून फुप्फुसं निकामी झालेल्या अशा रुग्णाला जास्त ऑक्सिजन दिला, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून त्याला गुंगी येऊ शकते. घाबरलेला मुलगा ‘सिस्टर, जरा वाढवा ना’ म्हणतो, तेव्हा नॉबला हात न लावता त्याला हे समजावणं हीसुद्धा शुश्रूषाच असते.

मॉनिटर असताना वेगळं माणूस कशाला, असं प्रशासन विचारतं. पण बोटाला लावलेला ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. बोटं गार असली किंवा नखांवर गडद नेलपॉलिश असलं, तर त्याचा आकडाही फसवा असू शकतो. अनुभवी सिस्टर पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. मानेचे स्नायू ओढले जातायत का, रुग्ण एका दमात वाक्य पुरं करतोय की दोन शब्दांवरच थांबतोय, हे पाहते. साधा मास्क असेल तर प्रवाह मिनिटाला ५ लिटरच्या खाली गेलेला नाही ना, हे बघते, कारण त्याहून कमी प्रवाहात रुग्ण स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेऊ लागतो. पिशवीचा मास्क असेल तर पिशवी फुगलेली आहे ना, हे पाहते. मग नळी उचलून कानामागची कातडी तपासते. तिथे पडलेला लालसर वळ वेळीच दिसला नाही, तर त्याची जखम होते.

हे सगळं करायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दिवसातून अनेकदा द्यावी लागतात. ती आणायची कुठून? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. पण मास्क किंवा नळीवर असलेला रुग्ण बहुधा जनरल वॉर्डात असतो. तिथे रात्रपाळीच्या सिस्टरला नवी भरती, इंजेक्शनं, सलाईन आणि नोंदवह्या हे सगळं एकटीने ओढावं लागतं. धाप वाढल्याचं मग बहुतेकदा आधी नातेवाइकांना कळतं आणि नंतर वॉर्डाला.

पीएम केअर्स निधीतून देशभर बाराशेहून अधिक ऑक्सिजन प्रकल्पांना पैसा मिळाला. यंत्रांवर केलेला हा खर्च योग्यच होता. पण वाहिनीतून आलेला ऑक्सिजन योग्य मात्रेत फुप्फुसापर्यंत पोचवणारं माणूस त्या हिशेबात धरलंच गेलं नाही.

म्हणूनच राज्याने प्रत्येक पाळीला किमान एक प्रशिक्षित ऑक्सिजन नर्स द्यावी. ती कंत्राटी नसावी, आणि तिच्यावर दुसऱ्या कामाचा बोजाही टाकू नये. केसपेपरवर डॉक्टरांनी सॅच्युरेशनचं लक्ष्य लिहावं, आणि त्यानुसार प्रवाह कमी-जास्त करण्याचा लेखी अधिकार तिला असावा. प्रकल्पाच्या देखभालीचा निधी मंजूर होईल, त्याच आदेशात ही पदंही मंजूर व्हावीत.